न दिसणाऱ्या साठ्याचा हिशोब

गेल्या महिन्यात मशिदीच्या रविवारच्या वर्गात नववी-दहावीच्या मुलामुलींसमोर मी एक कापडी पिशवी ठेवली. पिशवी म्हणजे समुद्र आणि आतले चिंचोके म्हणजे मासे. चार गट पाडले, प्रत्येक गट एक बोट. दरवर्षी किती मासे काढायचे ते गटाने ठरवायचे. उरलेल्यांची वीण होऊन साठा पुन्हा वाढेल. पिशवीत किती चिंचोके आहेत आणि वीण किती होते, हे मात्र सांगितले नाही. ही कल्पना माझी नव्हे. डेनिस मेडोज या अमेरिकन अभ्यासकाने ‘फिश बँक्स’ नावाचा असा खेळ विद्यार्थ्यांसाठी तयार केला. आमचे हे त्याचेच साधे, घरगुती रूप.

पिशवीत १२० चिंचोके होते आणि उरलेल्यात एक तृतीयांशाची भर पडत असे. वर्षाला ३० काढले असते तर ९० उरून पुन्हा १२० झाले असते, आणि हा खेळ कयामतपर्यंत चालला असता. मुलांनी पहिल्या वर्षी प्रत्येकी ८ काढले, दुसऱ्या वर्षी १२, तिसऱ्या वर्षी १५. साठा ११७ वर, मग ९२ वर आणि मग ४२ वर आला. चौथ्या वर्षी चौघांनी पुन्हा पंधरा-पंधरा मागितले आणि समुद्र रिकामा झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तीन वर्षे प्रत्येकाला मागितले तेवढे मिळाले होते. टंचाईची खूण दिसली तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

हे केवळ खेळात घडते असे नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड माशाची मासेमारी शतकानुशतके चालत आली होती. १९६८ साली तेथील उत्तरेकडील साठ्यातून सुमारे ८ लाख टन कॉड काढला गेला. पुढे १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचे पाणी आपल्या ताब्यात घेऊन परदेशी ट्रॉलर दूर केले, पण मग स्वतःचा ताफा वाढवला. साठ्याचा अंदाज बांधताना मोठ्या बोटींच्या पकडीवर भिस्त ठेवली गेली. कॉड मात्र संख्येने घटला तरी थवा करून राहतो, आणि बोटी नेमक्या त्या थव्यावरच जातात. म्हणून जाळी भरत राहिली. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार मासा कमी झाल्याची तक्रार करीत होते, ती फारशी मनावर घेतली गेली नाही. १९८९ साठी शास्त्रज्ञांचा सल्ला १ लाख २५ हजार टनांचा होता. मंजूर झाले २ लाख ३५ हजार. २ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉस्बी यांना मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठली ती २०२४ मध्ये.

हे ऐकून एका मुलाने विचारले, “मौलाना, रिझ्क अल्लाहच्या हातात आहे ना? मग मोजायचे कशाला?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. असाच प्रश्न हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी हजरत उमर (रजि.) यांना विचारला होता.

सहीह बुखारीतील तो प्रसंग वाचकांना ठाऊक असेल. शाम देशाकडे निघालेल्या हजरत उमर (रजि.) यांना सर्ग येथे प्लेगची वार्ता मिळाली. त्यांनी प्रथम मुहाजिरांना विचारले, त्यांत मतभेद झाला. अन्सारांना विचारले, तेथेही तेच. मग कुरैशच्या ज्येष्ठांना बोलावले. ते एकमुखाने परत फिरा म्हणाले. तसा निर्णय झाल्यावर अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की हे तकदीरपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांचे उत्तर असे, की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, दरीचा एक उतार हिरवा व दुसरा उजाड असेल, तर उंट कोणत्याही उतारावर चारला तरी ते तकदीरनुसारच घडते. साथीच्या प्रदेशात जाऊ नये व तेथून पळूही नये, ही पैगंबर (स.) यांची शिकवण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी सांगितली ती यानंतर. म्हणजे निर्णय झाला तेव्हा ती त्यांच्यासमोर नव्हती. जाणकारांत मतभेद होता, माहिती अपुरी होती, तरी निर्णय लांबणीवर पडला नाही. हा प्रसंग आपण बहुधा साथीच्या संदर्भातच सांगतो. तो विचार कसा करावा हेही शिकवतो, असे मला वाटते.

मग मुलांना दुसऱ्या खेळाआधी एक कागद लिहायला लावला. आपल्याला काय ठाऊक आहे, काय नाही. कोणती चूक पुढच्या वर्षी सुधारता येईल व कोणती कधीच नाही. आणि कोणती खूण दिसताच निर्णय बदलायचा. यांतील तिसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. कमी काढले तर एका वर्षाचे नुकसान होते, जास्त काढले तर समुद्रच जातो. दोन्ही चुका सारख्या नाहीत.

वीण एक तृतीयांश आहे, हे आता त्यांना ठाऊक होते. मी अंदाज दिला: साठा १५०, पण हा आकडा चौथ्या हिश्श्याने चुकू शकतो. मुलांनी खालचा आकडा धरला, ११२. त्यातून २८ काढले तर साठा घटत नाही, म्हणजे प्रत्येकी सात. ‘सहाच काढू, एक चुकीसाठी राहू दे,’ असे ठरत होते. इतक्यात एक मुलगी म्हणाली, “मौलाना, आमच्या बोटीवर कर्ज आहे. सहात हप्ता फिटत नाही. आम्ही काय करायचे?”

तिच्या घरची बोट खरोखरच कर्जावर घेतलेली आहे, हे वर्गातील सर्वांना माहीत होते. क्षणभर कोणी बोलले नाही. सावधगिरीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, ही गोष्ट माझ्या कागदावर नव्हती. रमादाच्या दुष्काळात लोकांना मिळेपर्यंत हजरत उमर (रजि.) यांनी स्वतः तूप घेतले नाही, याची मी आठवण दिली; पण तेवढ्याने हप्ता फिटत नाही, हेही खरे.

शेवटी मुलांनीच मार्ग काढला. तिच्या गटाला आठ, इतरांना सहा. एकूण २६, म्हणजे मर्यादेच्या आत. तीन वर्षांनी पिशवीत १४१ चिंचोके भरले. मात्र ही सवलत किती वर्षे द्यायची, आणि उद्या दुसऱ्या गटाचे इंजिन बिघडले तर त्यालाही द्यायची का, यावर जोराचा वाद सुरू झाला. तो मिटण्याआधीच जुहरची अजान झाली. पिशवी मी तशीच कपाटात ठेवली आहे, चिंचोके न मोजता.