कार्तिकी उलटली की शाळेत जाऊन ये

अगं, शाळेच्या भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवलाय आणि दारात कारंजं आहे, एवढ्यावरून काही ठरवू नकोस. लोकवर्गणी निघाली की महिन्याभरात भिंती रंगतात. तुझी जाऊ म्हणते की तिची पोरं पिवळ्या व्हॅननं मांजरसुंब्याकडं जातात, टाय लावतात, ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. सासूबाई म्हणतात, जिल्हा परिषदेची शाळा घरामागं असताना पैसे कशाला घालवायचे. दोघींचंही ऐकून घे, पण निर्णय त्यांच्या बोलण्यावर सोडू नकोस. लेकरू तुझं आहे. जूनला अजून वेळ आहे. शाळा तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि कधी बघायची तेही सांगते.

कार्तिक पौर्णिमेची यात्रा उलटू दे. मन्मथस्वामींच्या समाधीला आलेली माणसं परत गेली, पाळणे उतरले, कपिलधारचा रस्ता मोकळा झाला की मग जा. त्याच सुमाराला आपल्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. उचल घेतलेली घरं भांडीकुंडी बांधून ट्रक-ट्रॅक्टरवर चढतात आणि पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात फडावर जातात. गावात म्हातारी माणसं उरतात आणि वर्गात रिकाम्या जागा दिसायला लागतात. बीड जिल्ह्यातली शाळा ओळखायची तर ती या दिवसांत. जूनमध्ये प्रवेशोत्सव असतो, फुगे असतात, नवी पुस्तकं असतात. त्या दिवशी सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात.

वर्गात गेलीस की गुरुजींना किंवा मॅडमना सरळ विचार, कोण कोण गेलंय? जे शिक्षक हजेरीपत्रक न उघडता सांगतील की अमकी आईबापाबरोबर गेली, तिला शिक्षण हमीपत्रक दिलंय, तमका आजीपाशी राहिलाय, त्याच्या जेवणाची सोय हंगामी वसतिगृहात केलीय, त्या शाळेबद्दल माझं निम्मं मत तिथंच चांगलं होतं. हंगामी वसतिगृह ही सोय आपल्याकडच्या गावांत याचसाठी आहे, की आईबाप कोयत्याला गेले तरी लेकराला गावातच राहून शाळा करता यावी. पण ती कागदावर चालते की ताटात पोचते, हे आजीला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून सरपंचाकडं जायच्या आधी जिच्या ओट्यावर दोन-तीन नातवंडं दिसतील अशा एखाद्या आजीपाशी बस. ‘संध्याकाळचं पोरं कुठं जेवतात हो आजी?’ एवढंच विचार. ती सगळं सांगेल.

आणि याउलट, ‘पालकच घेऊन गेले, आम्ही काय करणार’ एवढं एक वाक्य बोलून कुणी विषय संपवला, तर तेही लक्षात ठेव.

तू म्हणशील, ताई, आपण कुठं ऊसतोडीला जातो? माझ्या लेकराचा याच्याशी काय संबंध? आहे, बाई. फार जवळचा आहे. पाच महिने बाहेर राहून आलेलं पोर मार्च-एप्रिलात परत वर्गात बसतं. त्याची अक्षरं विसरलेली असतात, पाढे गेलेले असतात. त्याला मागच्या भिंतीला टेकवून बसवायचं, की रोज थोडा वेळ काढून जिथं सुटलं तिथून पुन्हा धरायचं, हे सर्वस्वी शिक्षकावर असतं. जो शिक्षक त्या पोराला धरून ठेवतो, तो तुझ्या लेकराला आठ दिवस ताप आला तर कधी मागं पडू देणार नाही. हुशार पोरं कुठंही शिकतात. शाळेची परीक्षा मागं राहिलेल्या पोराजवळच होते, हे मी दोन्ही पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवली तेव्हापासून ठामपणे सांगत आलेय.

आता वाचनाकडं ये. बालभारतीचं दुसरीचं पुस्तक कुणाकडून तरी मागून पिशवीत टाक. तिसरी-चौथीतली पाच-सहा पोरं ओट्यावर घेऊन बस. जे पोर स्वतः पुढं येतं त्याच्याकडून वाचून घेऊन खूश होऊ नकोस, ते प्रत्येक पाहुण्यासमोर वाचतं. खाली मान घालून बसलेलं पोर निवड. पुस्तकातलं मधलंच एखादं पान काढ, पहिला धडा नको, तो पाठ असतो. वाचून झालं की विचार, यात काय झालं सांग बरं. धडाधड वाचलं पण अर्थ सांगता आला नाही तर ते वाचन नव्हे. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते, तीही अशीच घरोघर जाऊन, साध्या कागदावर: अक्षर, शब्द, पहिलीच्या तोडीचा उतारा, मग दुसरीच्या तोडीची गोष्ट. पाचवीतल्या कितीतरी पोरांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हे देशाला त्या कागदानं दाखवलं. खासगी शाळांतही अशी पोरं सापडली, हे तुझ्या जावेला सांगायला हरकत नाही. सरकारनं २०२१ च्या जुलैत ‘निपुण भारत’ सुरू केलं, त्यात तिसरीच्या अखेरीला पोरानं मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत असं धरलंय. तू घड्याळ लावून बसू नकोस. अडखळत का होईना पण पोर अर्थाच्या मागं जातंय का, एवढं तुला ऐकूनही कळेल.

गणिताला ६३ वजा २८ दे. तिसरीतल्या पोरानं उसना घेऊन ३५ आणले की बास. ४५ असं उत्तर आलं तर उसना घेतला पण दशक कमी करायचं राहिलं, किंवा आठातून तीन उलटे वजा केले, हे तुला दिसेल. चूक झाली म्हणून शाळा वाईट होत नाही. पण वर्गातल्या पाच पोरांनी एकसारखीच चूक केली तर ती शिकवण्यातली चूक आहे. आणि सत्तावीस लिही म्हटल्यावर एखाद्या लहानग्यानं ७२ लिहिलं तर त्याला हसू नकोस. आपण बोलताना सात आधी म्हणतो आणि वीस नंतर. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचायची रीत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला तर वाटतं, दोन्ही रीती शिकवणारा मास्तर शहाणा.

वह्या मागून बघ, आणि याला घाई करू नकोस. सगळ्या वह्यांत तेच उत्तर, तेच शब्द, तेच वळणदार अक्षर असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. मला ‘माझी शेळी’ अशा विषयावर पोरांनी आपापलं काहीतरी खरडलेली वही जास्त आवडते. एकाची शेळी विहिरीत पडलेली असते, एकीनं शेळीचं नाव लिहिलेलं असतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असतं, आणि खाली शिक्षकानं लाल शाईनं दोन शब्द लिहिलेले असतात. नुसती बरोबरची खूण आणि तारीख असेल तर वही तपासली, पण वाचली नाही असं समज.

शिक्षक किती आहेत ते मोज. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणं पहिली ते पाचवीला ६० पर्यंत पोरं असतील तर दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. म्हणजे आपल्या वाड्यांवर दोनच शिक्षक आणि चार-पाच इयत्ता, हे ठरलेलंच. दोन शिक्षकी शाळा बघून नाक मुरडू नकोस. फक्त एवढं बघ, की गुरुजी चौथीला भागाकार सांगत असताना पहिली-दुसरी काय करते. गोलात बसून चिंचोके मोजतायत, शब्दपट्ट्या जुळवतायत, मोठी ताई लहान्याला वाचून दाखवतेय, तर शाळा चांगली चाललीय. ‘हाताची घडी तोंडावर बोट’ करून वाट बघत बसलीयत, तर नाही. आणि छडी कुठं कोपऱ्यात दिसली तर सरळ विचार. मारायला कायद्यानं बंदी आहे.

शिक्षक बीडहून जाऊन-येऊन करतात म्हणून लोक लगेच बोलायला लागतात. मी त्याच्यात पडत नाही. परिपाठ वेळेवर सुरू होतो का, आणि एक शिक्षक बैठकीला गेला की दुसरा दोन्ही वर्ग सांभाळतो का, एवढं बघायचं. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे निदान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. त्यातले किती दिवस खरं शिकवणं झालं, हे पोरंच सांगतात.

मधल्या सुट्टीत थांबच. खिचडी शिजवणाऱ्या ताई गावातल्याच असतात, त्यांच्याशी बोल. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. वरणात डाळ दिसते का, ते डोळ्यांना कळतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पंगत कशी बसते ते बघ. सगळ्या घरांची पोरं एका ओळीत, एकमेकांना लागून बसतात का? कुणी बाजूला बसलंय का? ताट कुणाचं कोण धुतं? हे विचारायला लाजू नकोस. ज्या शाळेत पंगतीत भेद आहे, तिथं कितीही छान शिकवत असले तरी मी माझं लेकरू घालणार नाही.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार उघडून बघ. बहुतेक ठिकाणी ते बांधलेलं असतं, पण कुलूप लावलेलं असतं, किंवा आत पाणी नसतं. आपल्या दुष्काळी भागात पाण्याची अडचण खरी आहे, पण पाहुण्यांसाठी पाणी मिळतं आणि पोरींसाठी मिळत नाही असं नको.

इंग्रजीची काळजी तुला सगळ्यात जास्त आहे, ते मला ठाऊक आहे. अगं, आपल्या राज्यात मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. जे पोर आपल्या भाषेत प्रश्न विचारायला शिकलं, त्याला दुसरी भाषा जड जात नाही. आणि आपली भाषा काही कमी नाही, आपल्या मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठीतच लिहिलं आणि ते अजून घराघरांत वाचलं जातं. व्हॅनच्या शाळेतही तुझं दुसरीचं पुस्तक घेऊन जा, आणि त्यांचं इंग्रजीचं पुस्तकही वाचून घे, अर्थासकट. ‘ॲपल म्हणजे सफरचंद’ एवढं घोकून सात-आठ हजार फी भरणारी घरं मी बघितली आहेत, म्हणून कळवळून सांगतेय.

फलकावर शिष्यवृत्तीधारकांची, गढीच्या नवोदयला लागलेल्यांची नावं लिहिलेली असतील. ती पोरं कष्टाची आहेत, त्यांचं कौतुकच आहे. पण हळूच विचार, त्या वर्षी वर्गात किती होते आणि बाकीच्यांचं काय झालं?

शाळा व्यवस्थापन समितीची वही मागून घे. समितीत पाऊण भाग पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. नावं असतात गं, पण बैठकीला नवरे येतात आणि सहीला वही घरी जाते. तू प्रवेश घेतलास तर या समितीत जा. तिथं बसलीस तर शिक्षकाच्या रिकाम्या जागेचा अर्ज केंद्रप्रमुखांकडं, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं तुझ्या सहीनं जाईल. आणि हेही समजून घे, शिक्षकांची संख्या पटावर ठरते. एकेक घर व्हॅनकडं वळलं की पट खाली येतो, पट खाली आला की एक शिक्षक कमी, आणि मग उरलेल्यांची शाळा खरोखरच खालावते. राहिलेली पोरं बहुधा कोयत्यावाल्यांचीच असतात.

पण म्हणून तुझ्या लेकराचं नुकसान करून शाळा सांभाळ, असं मी म्हणणार नाही. शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी आहे, अर्ज करून थकलात, तिसरीतली पोरं अक्षरं लावतायत, तर पुढच्या वाडीची सरकारी शाळा बघ. ती चांगली असेल तर तिथं घाल. दाखला मागितला की मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. वयाचा कागद नाही म्हणूनही अडवता येत नाही.

कार्तिकीनंतर एक दिवस पूर्ण मोकळा ठेव. सकाळच्या परिपाठाला पोच आणि सुट्टी होईपर्यंत तिथंच राहा. जाताना लेकरालाही बरोबर ने, मुलांमध्ये बसू दे. आणि आजीशी काय बोलणं झालं ते मला त्याच रात्री फोनवर सांग, फेब्रुवारीत मी येतेच आहे, तेव्हा परतीच्या टोळ्यांआधी आपण दोघी मिळून पुन्हा एकदा जाऊ.