अण्णांचा उजवा हात

अण्णा माझे थोरले बंधू. गेल्या आषाढात एका सकाळी त्यांच्या हातून चहाची कपबशी पडली. तोंड वाकडे झाले. बोलणे कळेना. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. आम्ही लागलीच १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलावली.

हा अर्धांगवायू. कोणी याला लकवा म्हणतात, कोणी ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. पण हा वाऱ्याचा रोग नव्हे, बरं का! मेंदूतली रक्ताची शीर गुठळीने बंद होते, नाही तर फुटते. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, की उजवे अंग लुळे पडते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवू नये.

अण्णा वाचले, घरी आले. पण हात हलेना. “मी आता घराला भार झालो,” असे म्हणून ते भिंतीकडे तोंड करून निजत.

इस्पितळ लांब. रोज जाणे कसे परवडणार? तेथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी अण्णांना आधी नीट तपासले होते. त्या म्हणाल्या, “आठवड्यातून दोनदा मी तुम्हांला मोबाईलवर पाहीन. बाकीचे दिवस घरच्यांनी व्यायाम करून घ्यावा.”

नातवाने मोबाईल फळीवर टेकवला. अण्णांचे सगळे अंग दिसेल असा. वहिनींनी अण्णांना उठवायला त्यांचा लुळा हात धरून ओढला. बाई ओरडल्या, “थांबा! तो हात ओढू नका, खांदा निखळेल. कमरेला आधार द्या.” अण्णांचा खांदा रात्री का ठणकतो, ते तेव्हा कळले. मायेपोटी आम्हीच इजा करीत होतो!

बाईंनी तीन व्यायाम दिले:

१. चांगल्या हाताने लुळा हात धरून दोन्ही हात खांद्याइतके वर नेणे.
२. उताणे निजून, गुडघे मोडून, कंबर उचलणे.
३. पावले जमिनीवर टेकवून, पुढे वाकून, खुर्चीवरून उठणे व बसणे. जवळ एक माणूस हवाच.

वहिनी गेल्या वर्षी साक्षरता वर्गात शिकल्या. त्या रोज वहीत लिहीत: ‘उठणे ३. खांदा दुखला.’ बाई वही वाचायला लावीत. त्यावरून व्यायाम कमी-जास्त करीत.

दोन महिने झाले. अण्णा चिडून म्हणाले, “काही फरक नाही. बंद करा!” वहिनी बोलल्या नाहीत. त्यांनी वही उघडून वाचले, “पहिला आठवडा, उठणे ३. काल, उठणे १२.” अण्णा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी आपणहून खुर्चीवर जाऊन बसले.

आज अण्णा काठी टेकत देवळापर्यंत जातात. सदऱ्याची गुंडी अजून लागत नाही. सगळ्यांचे अंग पहिल्यासारखे होतेच असे नाही. पण मेंदू पुन्हा शिकतो. रोज गिरवावे लागते, आपण अक्षर गिरवले तसे.

ध्यानात ठेवा: छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर व्यायाम थांबवा. एकाचा व्यायाम दुसऱ्याने करू नये. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने सोडू नयेत. सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ साली सुरू झाली. तीत डॉक्टरांचा सल्ला फोनवर फुकट मिळतो. आरोग्य केंद्रात चौकशी करा.

सांगा पाहू:
१. लुळा हात का ओढू नये?
२. वहिनींच्या वहीचा काय उपयोग झाला?