मांजर नापाक नाही

मऊ, कोरडी माती उकरून विष्ठा पुरणे हा मांजराचा उपजत स्वभाव आहे. तरीही कोथिंबिरीचा वाफा वारंवार घाण होऊ लागला की काहींच्या मनात विष घालण्याचा विचार येतो. येथेच आपल्या ईमानची कसोटी लागते.

हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वुजूच्या पाण्याजवळ मांजर आले, तेव्हा त्यांनी भांडे कलते करून त्याला पाणी पिऊ दिले. चकित झालेल्या सुनेला त्यांनी सांगितले की, प्रेषितांच्या (स.) शिकवणीनुसार मांजर नापाक नाही, ते आपल्या अवतीभोवती वावरणारे आहे.

त्याची विष्ठा मात्र नापाक आहे. ती काढून टाकावी. हात व भाजी स्वच्छ धुवावी. गर्भवतीने हे काम करू नये. वाफ्यावर जाळी अंथरावी, माती ओलसर ठेवावी आणि एका कोपऱ्यात कोरडी वाळू पसरून मांजरासाठी जागा सोडावी. मांजर शेजाऱ्याचे असेल तर त्याच्याशी सौम्यपणे बोलावे. आणि आपल्या मांजराचा उपद्रव शेजाऱ्याला होऊ न देणे हे पाळणाऱ्याचेही कर्तव्य आहे.

मांजराला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. बाग आपली असली, तरी जीव अल्लाहने निर्माण केलेला आहे.