आधी आतलं माप, मग वूफर

कारमध्ये सबवूफर बसवायचा म्हटलं की आमच्याकडची पोरं पहिल्यांदा कंपनी विचारतात, मग वॅट विचारतात. डब्याचा विषय सगळ्यांत शेवटी निघतो, तोही "डबा काय, दुकानदार देतोच ना सोबत!" एवढ्यावर संपतो. पवनी तालुक्यातल्या आमच्या आसगावात हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलं, की माझ्या गाडीत काय झालं ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं. कारण चांगल्या बेससाठी घातलेले पैसे बहुतेक वेळा वूफरपायी नाही, डब्यापायी वाया जातात.

वूफरचा कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट. ३५ हर्ट्झची लाट जवळजवळ दहा मीटर लांब असते, त्यामुळे मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि पुढचीला मारून टाकते. उघडा वूफर हातात धरून वाजवला तर कोन थरथरतो, बेस मात्र ऐकू येत नाही. मागच्या लाटेचं काय करायचं हे डबा ठरवतो. तिला कोंडून ठेवायचं, तर तो बंद डबा. तिला नळीतून वळवून पुढच्या लाटेच्या मदतीला आणायचं, तर तो पोर्टचा डबा.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की रात्री-बेरात्री गावोगावी जाणं होतं. परतीच्या वाटेवर गाडीत चांगला आवाज असावा, ही माझी जुनी हौस. शहरातल्या एका दुकानातून बारा इंची वूफर, अॅम्प्लिफायर आणि पोर्टचा तयार डबा असं सगळं एकदम बसवून घेतलं. ढोलकी ठीक वाजायची. पण रिमिक्स गाण्यातला खोल बेस आला की कोन बेभान हलायचा, आतून टकटक यायची आणि आवाज मात्र पडायचा. एके रात्री जळकट वास आला आणि वूफर मुका झाला. कॉइल जळली होती.

डबा बाहेर काढून गावातल्या सुतारकाकांपुढे ठेवला. त्यांनी डब्यासोबतच्या कागदावरचं माप वाचलं, टेप लावला आणि म्हणाले, "हे तं बाहेरचं माप हाय भाऊ. आतून घेतलं का कोणी?"

सगळा घोळ तिथेच होता. डबा बाहेरून ६० बाय ३६ बाय ३६ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ७८ लिटर. फळी १८ मिलिमीटरची, म्हणून प्रत्येक बाजूच्या मापातून ३६ मिलिमीटर गेले. आत उरले ५९ लिटर. त्यातून वूफरचं मॅग्नेट, पोर्टची नळी आणि आधाराच्या पट्ट्या यांची जागा वजा केली, तर हवा जेमतेम ५३ लिटर. दहा सेंटीमीटर व्यासाची नळी मात्र ७८ लिटर धरून, ३५ हर्ट्झसाठी कापलेली, साधारण १७ सेंटीमीटर लांब. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तर बाटली जितकी लहान तितका सूर चढा लागतो. तसंच इथे झालं. डब्याचा सूर ३५ वरून ४२ हर्ट्झच्या आसपास चढला. पोर्टच्या डब्यात या सुराच्या खाली गेलं की आतली हवा कोनाला आवरत नाही, तो मोकाट सुटतो. नळीतून येणारी लाटही मग विरोधात जाते. म्हणून हालचाल जास्त, आवाज कमी, आणि शेवटी कॉइल.

हे गणित काही नवं नाही. १९६१ साली ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी पोर्टच्या डब्याचा हिशेब मांडला आणि १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी तो पुढे नेला. वूफरच्या माहितीपत्रकावर एफएस, क्यूईएस, क्यूटीएस, व्हीएएस असे आकडे असतात, ते या दोघांचंच देणं. दुकानात गेल्यावर वॅटच्या आधी तो कागद मागा. एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर पन्नासच्या खाली आलं तर तो वूफर बंद डब्याचा, शंभरच्या आसपास किंवा वर गेलं तर पोर्टचा. मधे आलं तर दोन्ही चालतात. कागदच नसेल, तर तो वूफर घेऊ नका. डबा बनवायचा कशाच्या आधारावर?

पहिल्यांदाच बसवणाऱ्याने बंद डबाच करावा, हे माझं ठाम मत आहे. बारा इंची वूफरला साधारण २८ ते ३५ लिटर पुरतात. माप पाच-दहा टक्के चुकलं तरी कानाला फारसं कळत नाही, आणि आतली कोंडलेली हवा कोनाला स्प्रिंगसारखी आवरून धरते. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये घरगुती स्पीकरसाठी हीच युक्ती वापरली होती. बंद डब्याचा बेस खाली उतरताना लवकर पडतो हे खरं, पण कारची लहानशी खोली तेच खालचे सूर आपोआप उचलून धरते. घरात फिका वाटणारा डबा गाडीत भरदार लागतो तो त्यामुळेच. शिवाय आमच्या डिकीत कधी धानाचं बियाणं असतं, कधी खताची पिशवी. तिथे ३० लिटर आणि ५० लिटरमधला फरक रोज जाणवतो.

पोर्टच हवा असेल तर आतली निव्वळ हवा मोजून मगच नळी कापा. त्याच दहा सेंटीमीटरच्या नळीला ५० लिटर आणि ३५ हर्ट्झसाठी ३१ सेंटीमीटर लांबी लागते. अॅम्प्लिफायरवर फार खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर असायलाच हवा, आणि तो डब्याच्या सुराच्या किंचित खाली लावायचा.

लाकडाचं सांगायचं तर १८ मिलिमीटरचं एमडीएफ जड आणि एकसारखं असतं, म्हणून सगळे तेच सुचवतात. पण आमच्याकडे पावसाळ्यात ओल्या चपला, भिजलेली पोती डिकीत येतात आणि एमडीएफच्या कडा पाणी पिऊन फुगतात. वापरायचंच तर सगळ्या कडांना आधी सीलर मारा, नाहीतर सरळ पाण्याला टिकणारा, बीडब्ल्यूपी दर्जाचा प्लाय घ्या. भुशाच्या दाबलेल्या फळीचा डबा फुकट दिला तरी नको. सुताराला सांगा की सांधा डिंकाने धरतो, स्क्रू फक्त डिंक वाळेपर्यंत. एमडीएफमध्ये स्क्रूआधी बारीक भोक पाडलं नाही तर कड फाटते. आतून सगळ्या सांध्यांना सिलिकॉन भरा आणि ते पूर्ण वाळू द्या, कारण ओल्या सिलिकॉनच्या वाफेने कोनाच्या कडेचा डिंक खराब होऊ शकतो. वूफर बसवल्यावर ३०-४० हर्ट्झचा सूर हळू लावून सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे हेलकावतो तिथे गळती. बंद डबा थोडा लहान झालाच, तर उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस आत सैल भरा, वूफरला डबा थोडा मोठा झाल्यासारखा वाटतो.

वायरिंग जाणत्याकडूनच करून घ्या. फक्त दोन गोष्टी स्वतः पाहा. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे का? आणि अॅम्प्लिफायरवरचा आरएमएस (सलग चालणाऱ्या वॅटचा) आकडा वूफरला जुळतो का? खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वॅटचा आकडा विसरा. अॅम्प्लिफायरवरचा गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे. तो अति वाढवला की सूर चिरतो आणि कॉइल तापते.

शेवटचं काम डबा बांधण्याचं. वूफरसकट तो सहज वीस किलोंच्या वर जातो, आणि जोरात ब्रेक लागला तर मागच्या सीटवरच्या लेकरांच्या पाठीवर येतो. लोखंडी कोनपट्ट्या आणि बोल्टने तो डिकीच्या तळाला आवळा, खोलून काढता येईल असा. तळाला भोक पाडण्याआधी मात्र गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी नेमकी तिथेच तर नाही ना.