जमिनीचे पैसे आणि मुलाचे शिक्षण

पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडी हे गाव आहे. तालुका शिरूर. या भागात कारखाने उभे राहिले आणि शेतजमिनीला मोठा भाव आला. काहींनी जमिनी विकल्या. पैसा आला, त्यात वाईट काही नाही. पण अशा घरातला मुलगा विचारतो, "बाबा, आता शिकून काय करायचंय?"

त्याला रागावू नका. वही घ्या आणि त्याच्याकडूनच हिशेब मांडून घ्या.

समजा, त्याच्या वाट्याला 10 लाख रुपये आले. गाडी, मोबाइल, मित्रांचे जेवण धरून महिन्याला 25 हजार खर्च झाले. 10 लाखांना 25 हजारांनी भागा. उत्तर येते 40. म्हणजे 40 महिन्यांत पैसा संपला. जमीन तर आधीच गेली! आयटीआयमध्ये वेल्डरचे काम 1 वर्षात शिकता येते, फिटरचे 2 वर्षांत. म्हणजे 24 महिने. पैसा संपायच्या 16 महिने आधीच हातात कसब आले असते.

आता भाऊराव पाटलांची गोष्ट सांगा. किर्लोस्कर आणि ओगले यांच्या कारखान्यांचा माल विकण्याचे काम ते करीत. त्यातच राहिले असते तर संसार सुखाचा झाला असता. पण खेड्यातल्या गरीब पोरांना शिकवायचे, हे त्यांनी मनाशी धरले. 1919 साली कराडजवळ काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत. मुलेच स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' म्हणतात ते हेच. लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, या मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने मोडले. मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. दागिने तुमच्या-आमच्या घरातही मोडतात, पण बहुधा लग्नाच्या खर्चासाठी!

गोष्ट सांगून झाली, की मुलाला विचारा, "तुला काय करावंसं वाटतं?" तो लगेच बोलणार नाही. थांबा. आम्हाला वाटते, घरात हा प्रश्न फार कमी विचारला जातो. उत्तर आले, की त्याला त्या कामाजवळ न्या. यंत्राची आवड असेल तर सुट्टीत गॅरेजमध्ये हाताखाली काम करू द्या. शेतीची असेल तर उरलेल्या शेतातला एक वाफा त्याच्या नावाने करा. खर्च त्यानेच लिहायचा, भाजी त्यानेच विकायची. पहिले पैसे हातात आले, की ते कशासाठी ठेवायचे हेही त्यालाच ठरवू द्या.