अडगळ घरातली, दुखणे मनातले

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी माळ्यावरचे सामान खाली उतरते, डबे-भांडी अंगणात येतात आणि रद्दीवाल्याचा काटा दारात लागतो. पण आपल्या ओळखीत एखादे तरी घर असे असते, जिथे ही झाडलोट वर्षानुवर्षे झालेली नसते. आत पाऊल ठेवायला जागा नसते. शेजारी त्या घराला 'भंगाराचे दुकान' म्हणतात आणि घरातल्या माणसाला आळशी, नाहीतर चिक्कू ठरवतात. आज अशा घराबद्दल आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहितो.

माझी मावशी एकटी राहत असे. काका शिक्षक होते. ते गेल्यानंतर तिने घरातली वस्तू बाहेर टाकणे हळूहळू बंद केले. वर्तमानपत्रे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, फाटक्या साड्या, सारे 'कधीतरी लागेल' म्हणून राहिले. तीन खोल्यांपैकी दोन छतापर्यंत भरल्या. २००९ साली रात्री संडासला जाताना ती गठ्ठ्याला अडखळून पडली आणि खुब्याचे हाड मोडले.

ती रुग्णालयात असताना आम्ही भावंडांनी टेम्पो लावून दोन दिवसांत घर रिकामे केले. चुनाही मारला. मावशीला आनंद होईल, असे वाटले होते. ती आली, दारातून आत पाहिले आणि ओट्यावरच बसली. एवढेच म्हणाली, "अरे, ह्यांच्या हजेरीच्या वह्या कुठायत?" त्या रद्दीत गेल्या होत्या. दीड वर्षात घर पुन्हा भरले आणि या वेळी तिने मला आत घेणे बंद केले. मी डॉक्टर असूनही फक्त अडगळ पाहिली, आजार पाहिला नाही.

हा आजार आहे का?

होय. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये 'होर्डिंग डिसऑर्डर' म्हणजे साठवण्याचा विकार स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणातही तो आहे. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याच्या तीन खुणा लक्षात ठेवा. वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकणे जमत नाही. टाकायची वेळ आली की जिवाची घालमेल होते. आणि पसारा इतका वाढतो की स्वयंपाकघरात स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही. जुनी नाणी नीट लावून ठेवणारा छांदिष्ट माणूस यात येत नाही.

या सवयीचे मूळ बहुधा लहान वयातच असते, पण वय वाढते तसा त्रास वाढतो. जोडीदाराच्या मृत्यूसारख्या धक्क्याने तो बळावतो. सोबत नैराश्य असू शकते. म्हातारपणी एकाएकी साठवणे सुरू झाले, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी अवश्य करावी.

शरीराला धोका

पडणे आणि हाड मोडणे हा पहिला धोका. धुळीने दमा बळावतो. शेगडीजवळच्या कागदांना आग लागते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. डबे-टायरात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. ढिगाऱ्यात विंचू आणि साप आसरा घेतात. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे प्राझोसिन हे औषध वापरात आले. पण ते वेळेवर मिळायला हवे. दंश झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

आवराआवर कशी करावी?

१. त्या माणसाच्या संमतीशिवाय एकही वस्तू हलवू नका. निर्णय त्याचा, मदत आपली.

२. सुरुवात जिवाच्या धोक्यापासून करा. आधी शेगडीभोवतीची जागा, मग पलंगापासून संडासपर्यंतची आणि दारापर्यंतची वाट.

३. एका वेळी एकच कोपरा घ्या. वीस-तीस मिनिटे पुरे. ज्यात जीव अडकलेला नाही अशा वस्तू आधी घ्या. फोटो, पत्रे, गेलेल्या माणसाच्या वस्तू शेवटी.

४. तीन ढीग करा: ठेवायचे, द्यायचे, टाकायचे. टाकायचे ते त्याच दिवशी घराबाहेर गेले पाहिजे.

५. प्रत्येक पिशवी उघडून पाहा. पासबुक, सातबारा, ठेवीच्या पावत्या, नोटा अशाच गठ्ठ्यांत सापडतात. मुदत संपलेली औषधे कोणाला देऊ नका.

६. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, पायात बूट हवेत. आधी अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. एक वाटी ब्लीचमध्ये नऊ वाट्या पाणी घालून ते त्यांवर शिंपडा, पाच मिनिटे थांबा आणि कागदाने पुसून घ्या. ब्लीच आणि संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

उपचार

घर साफ झाले म्हणजे आजार बरा झाला असे नाही. मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ बोलण्यातून विचारांची आणि सवयीची दिशा बदलायला शिकवतात. सोबत नैराश्य असल्यास औषधे उपयोगी पडतात. वेळ लागतो, पण फरक पडतो. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. 'टेली-मानस' ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मावशीकडे मी पुढे पुन्हा जाऊ लागलो, ते माफी मागून. दर रविवारी चहा आणि एक कोपरा, एवढेच. पहिल्या दिवशी तिने फक्त सहा बाटल्या दिल्या. मी त्या घेतल्या आणि काही बोललो नाही. वर्षभराने शेगडी मोकळी झाली, संडासपर्यंतची वाट झाली. मधली खोली शेवटपर्यंत भरलेलीच राहिली. पण ती पुन्हा पडली नाही, आणि दाराची कडी माझ्यासाठी उघडी राहिली.

या दिवाळीत असे एखादे घर तुमच्या नात्यात असेल, तर टेम्पो घेऊन जाऊ नका. आधी ओट्यावर बसा, चहा घ्या आणि विचारा, "मी काय मदत करू?"