जड झालेले सुकाणू : कारणशोध आणि उपाय



कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर पाहिले. बचावकार्यासाठी ठेवलेली यांत्रिक बोट वर्षातील बहुतेक काळ झाकलेली असते. पाणी चढते त्या दिवशी तिचे इंजिन सुरू होते. पण सुकाणू वळत नाही. वेगवान प्रवाहात वळायला उशीर झालेली बोट झाडावर वा विजेच्या खांबावर आदळते. म्हणून सुकाणू जड होणे हा किरकोळ बिघाड नव्हे. तो बोटीतील माणसांच्या जीविताचा प्रश्न आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. बोटीच्या मागील फळीवर बसवले जाणारे हे इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास अमेरिकेतील मिलवॉकी येथे तिला व्यापारी यश मिळवून दिले. अशा बोटीस वेगळे सुकाणू नसते. पंख्यासह संपूर्ण इंजिनच एका उभ्या दांड्याभोवती डावी-उजवीकडे फिरते. लहान इंजिन हाताच्या दांडीने वळवतात. मोठ्या इंजिनास चक्र आणि केबल असते. केबलच्या टोकाची धातूची सळई इंजिनापुढील आडव्या नळीतून सरकते आणि एका जोडपट्टीने इंजिनाला वळवते.

आता कारणे पाहू. न वापरलेल्या बोटीतील ग्रीस वाळून घट्ट होते. फटीत पाणी व गाळ शिरतो आणि धातूवर गंजाचा थर चढतो. खाडीच्या खाऱ्या पाण्यात हे अधिक लवकर घडते. अशा वेळी बळ लावून चक्र फिरवणे चुकीचे. त्याने चक्रामागील दाते तुटतात. भगवान बुद्धांनी कार्यकारणभाव शिकवला. कारण नाहीसे झाल्याशिवाय परिणाम नाहीसा होत नाही, हे तत्त्व यंत्रालाही लागू आहे.

दोष नेमका कोठे आहे, हे एका साध्या परीक्षेने कळते. इंजिन बंद करावे आणि सुरक्षा-दोरी काढून घ्यावी. मग जोडपट्टी सोडवून इंजिन हाताने फिरवावे. ते सहज फिरले, तर दोष केबलमध्ये किंवा आडव्या नळीत आहे. ते जडच राहिले, तर दोष उभ्या दांड्यात आहे. हाताच्या दांडीच्या इंजिनात मात्र घर्षण कमी-जास्त करणारा स्क्रू कोणी आवळून ठेवला नाही ना, हे सर्वांआधी पाहावे.

दोष उभ्या दांड्यात असल्यास ग्रीस निपल पुसून ग्रीस गनने पाण्यात न विरघळणारे मरीन ग्रीस भरावे. भरताना इंजिन दोन्ही बाजूंस फिरवत राहावे. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत हे काम थांबवू नये. ग्रीस आत जातच नसेल, तर निपल काढून साफ करावा वा बदलावा. तरीही मार्ग मोकळा न झाल्यास दांडा उघडण्याचे काम जाणत्या मेकॅनिककडे सोपवावे. हातोडा मारल्यास ॲल्युमिनियमच्या भागाला तडा जातो. आणि पेट्रोलजवळ ज्योत कधीही आणू नये.

दोष नळीत असल्यास सळई बाहेर काढून पुसावी, नळी गोल ब्रशने साफ करावी आणि दोन्हींना नवे ग्रीस लावावे. नळीवरील निपलमधून ग्रीस भरायचे असल्यास सळई पूर्ण आत ओढलेली असावी. अन्यथा कोंडलेले ग्रीस सळईलाच अडवून धरते. केबल आवरणाच्या आतच गंजली असेल, तर तेल ओतून वेळ मारून नेऊ नये, ती बदलावी. जोडपट्टीला ठरलेला स्वयंबंद नटच लावावा. साधा नट कंपनाने सैल होतो. जोड सुटली, तर इंजिन एकाएकी वळून माणसे पाण्यात फेकली जातात.

काम संपल्यावर सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. पुढे दरमहा ते असेच फिरवावे, मे महिन्यात नवे ग्रीस भरावे, पूर ओसरताच बोट स्वच्छ पाण्याने धुवावी आणि प्रत्येक नोंद तारखेसह वहीत ठेवावी.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. पूर हे दैव मानून न बसता नदीचे पाणी नियोजनाने हाताळावे, सिंचन, वीज आणि जलवाहतुकीसाठी वापरावे, ही त्यांची दृष्टी होती. गावच्या बोटीचे सुकाणू पावसाळ्यापूर्वी तपासणे हे त्याच दृष्टीचे छोटे आचरण आहे. आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर ही परीक्षा स्वतः करून पाहावी.

जयभीम! नमो बुद्धाय!